ऑफिसात मानसशास्त्र वापरताना या चुका टाळा

ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या मनाकडे ‘समग्र दृष्टिकोना’नं पाहायचं म्हटलं की शनिवारची योग कार्यशाळा, मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप आणि पॅन्ट्रीत फळांची टोपली, एवढीच यादी तयार होते. योग जरूर करा. पण कामाची मांडणी आहे तशीच ठेवून फक्त माणसाला दुरुस्त करायला निघायचं आणि त्याला समग्र म्हणायचं, हे साफ चूक आहे. माणसाचं वागणं तो आणि त्याची परिस्थिती या दोन्हींतून घडतं, हे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविननं १९३६ मध्येच मांडलं होतं. त्यातली परिस्थिती आपण सोयीस्करपणे गाळतो, कारण कार्यशाळा भरवणं सोपं असतं आणि कामाची वाटणी बदलताना कुणाचे तरी अधिकार दुखावतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही बर्नआउटची (कामानं पार गळून जाण्याची) नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम अशीच केली आहे.

अहमदाबादच्या कॅलिको मिलची गोष्ट प्रत्येक मॅनेजरला माहीत असायला हवी. तिथं स्वयंचलित माग बसवले, तरी अपेक्षेइतकं उत्पादन वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक ए. के. राइस तिथं गेले. कामगारांची वृत्ती तपासत बसण्याऐवजी त्यांनी कामाची वाटणी तपासली. एकाच शेडमध्ये बारा प्रकारची कामं होती: विणकर वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, मागांची दुरुस्ती पाहणारा जॉबर वेगळा, तेल घालणारा वेगळा. प्रत्येकाच्या वाट्याचे माग निराळे, त्यामुळे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी कुणा एका गटावर नव्हतीच. मग ठरावीक मागांमागे एक छोटा गट अशी रचना झाली आणि ते गट कामगारांनी स्वतः जुळवले. सुरुवातीला आकडे वरखाली झाले, नंतर उत्पादन वाढलं आणि खराब निघणारं कापड कमी झालं. माणसं तीच, माग तेच.

म्हणून ‘टीमचं मोटिव्हेशन कमी झालंय’ अशी तक्रार आली की मी आधी एक कागद घेतो. एखादं प्रत्यक्ष काम निवडायचं, समजा ग्राहकाची एक तक्रार, आणि ती आल्यापासून मिटेपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेली, कुठं किती वेळ पडून राहिली, निर्णयाचा अधिकार कुणाकडे होता, हे लिहून काढायचं. अर्धा तास पुरतो. तक्रार पाच जणांकडे फिरते आणि ‘मिटली’ म्हणण्याचा अधिकार पाचांपैकी एकालाही नाही, असं दिसलं तर कार्यशाळेचे पैसे वाचवा.

दुसरी चूक मानसिक सुरक्षिततेबाबतची, म्हणजे चूक सांगताना किंवा प्रश्न विचारताना भीती न वाटण्याबाबतची. संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त आढळली, कारण तिथले लोक चुका लपवत नव्हते. या अभ्यासाचा अर्थ न समजलेले लोक ‘इथं मोकळेपणानं बोला’ अशी ईमेल पाठवतात आणि त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर चुकांचे आकडे नावानिशी लावतात. मग सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणीतरी धीर करून सांगतं, “सर, परवाच्या रिलीजमध्ये एक सेटिंग माझ्याकडून राहिलं.” उत्तर येतं, “हे तू आज सांगतोयस?” संपलं. पुढचे कित्येक महिने त्या खोलीत फक्त ‘ऑन ट्रॅक’ ऐकू येतं. पहिलं वाक्य तयार ठेवा: “बरं झालं सांगितलंस. हे अजून कुठं राहिलं असेल, बघूया का?” उशीर का झाला, हे नंतर, एकट्याला विचारा. आणि हो, सुरक्षितता म्हणजे गोडगोड बोलणं नव्हे. कामाचे निकष सैल केलेत तर नुसता आराम होईल, शिकणं होणार नाही.

माणसाला चार अक्षरांचा ‘प्रकार’ चिकटवणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांवरून (उदा. एमबीटीआय) काम वाटू नका. काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात.

ब्रेनस्टॉर्मिंगची सुरुवात बोलण्यानं करू नका. दहा मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं लिहायचं, मग वाचायचं, वाचन सगळ्यात ज्युनिअरपासून. एक बोलत असताना बाकीच्यांच्या कल्पना अडून राहतात, हे मानसशास्त्रज्ञ डील आणि स्ट्रोब यांनी १९८७ मध्येच दाखवलं आहे.

फीडबॅक दिला की सुधारणा होतेच, हेही खरं नाही. संशोधक क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली दिसली. ‘तू निष्काळजी आहेस’ म्हटलं की लक्ष स्वतःला वाचवण्याकडे जातं. ‘तिसऱ्या रकान्यातली बेरीज इन्व्हॉइसशी जुळत नाही’ म्हणा.

पाच जणांच्या टीममध्ये ‘निनावी’ सर्व्हे घेऊ नका. कोण काय बोललं, ते सगळ्यांना कळतं.

आणि घाई. एकवीस दिवसांत सवय लागते, हे कुणीतरी पसरवलेलं आहे. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय लागायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा आला, आणि व्यक्तीगणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. तरीही लोक एका ऑफसाइटनंतर पंधरा दिवसांत निकाल मागतात, तो दिसला नाही की नवीन सिद्धांत आणतात. एका वेळी एकच बदल करा. त्याआधीच्या चार आठवड्यांचे आकडे लिहून ठेवा: प्रलंबित कामं, पुन्हा करावी लागलेली कामं, रजा. बदलाला किमान एक तिमाही द्या आणि तेवढ्या काळात दुसरं काहीही सुरू करू नका, वरून कितीही विचारणा झाली तरी.