शाळा आणि शिकवणीच्या मधला अर्धा तास

नागपुरात आठवी ते बारावीच्या मुलांचा दिवस बहुतेक घरी सारखाच असतो. सकाळी शाळा किंवा कॉलेज, दुपारी उशिरा घरी येणे आणि लगेच सायकल किंवा स्कूटी काढून शिकवणीला जाणे. मधे जेमतेम अर्धा तास मिळतो आणि दिवसातली सर्वांत मोठी भूक नेमकी तेव्हाच लागते. जेवणाचे नियोजन आपण सकाळ-संध्याकाळच्या स्वयंपाकापुरते करतो आणि हा अर्धा तास बिस्किटांच्या पुड्यावर सोडून देतो. माझ्या अनुभवात सगळा घोटाळा इथेच होतो. म्हणून नियोजनाची सुरुवात या अर्ध्या तासापासून करावी आणि एकच कसोटी लावावी : घरात मोठे कोणी नसताना मुलगा किंवा मुलगी तो पदार्थ दहा मिनिटांत स्वतः तयार करून खाऊ शकेल का?

आधी गरज किती ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. १६ ते १८ या वयात हे प्रमाण अनुक्रमे ५५ आणि ४६ ग्रॅमपर्यंत जाते. चार पोळ्यांतून साधारण १२ ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणातून ७, पेलाभर दुधातून ६, एका अंड्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि वाटीभर उसळीतून ७ असा हिशेब केला, तर ४५ चा आकडा घरच्याच अन्नातून गाठता येतो आणि पावडरचे महागडे डबे आणण्याची वेळ येत नाही. अंडे न खाणाऱ्या घरात त्या जागी उसळीची आणखी एक वाटी किंवा दही वाढवावे.

आता पूर्वतयारी. रविवारी सकाळचा एक तास त्यासाठी राखून ठेवावा आणि पूर्ण पदार्थ करून ठेवण्याऐवजी अर्धवट तयार जिन्नस करून ठेवावेत, कारण बुधवारपर्यंत शिळा झालेला पदार्थ या वयाची मुले बोटही लावत नाहीत. सर्वांत उपयोगी जिन्नस म्हणजे मोड आलेली मोट (म्हणजेच मटकी). दोन वाट्या मोट शनिवारी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून ओल्या फडक्यात सैल बांधावी आणि मोड आल्यावर चिमूटभर मीठ घालून वाफवून घ्यावी. कच्चे मोड तसेच खायला देऊ नयेत, त्यांत जंतू वाढलेले असू शकतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मोड यायला दीड दिवसही लागतो. मे महिन्यात मात्र एका रात्रीत काम होते आणि तिथेच फसगतही होते. एकदा भर उन्हाळ्यात मी गाठोडे ओट्यावर बांधून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडले, तेव्हा मोट चिकट झाली होती आणि आंबूस वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला होता. दोन्ही वाट्या फेकाव्या लागल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात मोडाचे टोक दिसताच मी मोट वाफवून टाकते. वाफवलेली मोट फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते, म्हणून बुधवारी पुन्हा एक वाटी भिजवावी.

याच तासात शेंगदाणे भाजून घ्यावेत, सांबार निवडून, कोरडा करून डब्यात भरावा (नागपूरबाहेरच्या वाचकांनी कोथिंबीर समजावी) आणि जवसाची चटणी करावी. वाटीभर जवस मध्यम आचेवर तडतडेपर्यंत कोरडे भाजावे, पूर्ण गार होऊ द्यावे आणि लाल मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या, जिरे व मीठ घालून भरड वाटावे. गरम असतानाच वाटले, तर जवसाला तेल सुटून चटणीचा गोळा होतो. दळलेले जवस लवकर खवट होते, त्यामुळे पंधरा दिवसांपुरतीच करावी.

एवढे हाताशी असले, की त्या अर्ध्या तासासाठी आपला कच्चा चिवडा सर्वांत सोयीचा पडतो. मोठ्या भांड्यात दोन मुठी पातळ पोहे किंवा मुरमुरे घ्यावेत, त्यांत चमचाभर कच्चे तेल, तिखट आणि मीठ हाताने नीट चोळून घ्यावे, मग शेंगदाणे, फुटाणे आणि अर्धी वाटी वाफवलेली मोट घालावी. कांदा, टमाटर, सांबार आणि लिंबू अगदी शेवटी घालावे, नाहीतर पाच मिनिटांत सगळे मऊ पडते. गॅस पेटवावा लागत नाही, त्यामुळे बारा वर्षांचे मूलही हे एकट्याने करू शकते.

दुसरा पर्याय धिरड्यांचा. मुगाची डाळ रात्री भिजवून सकाळी आले, मिरची आणि जिरे घालून वाटून ठेवावी. हे पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. धिरड्यात किसलेले गाजर किंवा चिरलेला पालक बिनबोभाट खपून जातो. पोळीवर दही आणि जवसाची चटणी पसरून, आत मोट घालून केलेली गुंडाळी डब्यातही नेता येते. अंड्याची भुर्जी आणि भाकर तर मुले स्वतःच शोधून काढतात.

तर्री पोह्यांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मित्रांबरोबर ते खाल्ले जाणारच आणि त्यावर बंदी घालण्यात अर्थ नाही. तर्रीतला हरभरा उत्तमच असतो, अडचण वर तरंगणाऱ्या तेलाची आहे. आदल्या दिवशीची हरभऱ्याची उसळ पातळ करून, थोडा गरम मसाला घालून उकळली आणि पोह्यांवर ओतली, तर घरची तर्री दहा मिनिटांत होते.

मुलींच्या बाबतीत लोहाकडे वेगळे लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात कमी शोषले जाते, पण सोबत 'क' जीवनसत्त्व असले तर ते बरेच वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे आणि हंगामात जेवणाबरोबर संत्रे द्यावे. जेवणाला लागून चहा मात्र देऊ नये, कारण त्याने शोषण घटते. थकवा किंवा धाप जाणवत असेल, तर आहारावर विसंबून न राहता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आणि पानात वाढताना वजनाचा विषय काढू नये; त्या टोमण्यांनी जेवणच टाळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला, की डब्यात दहीभात किंवा ओल्या नारळाची चटणी देणे टाळावे. कोरडी पाटवडी, चटणी-पोळी, फुटाणे आणि गूळ द्यावा. घरी आल्यावर पन्हे किंवा मीठ-जिरे घातलेले ताक तयार असावे, कारण या दिवसांत मुलांना पुष्कळदा भूक म्हणून जे वाटते ती तहान असते.

फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांत जागरण होते आणि रात्री अकराला पुन्हा स्वयंपाकघराचे दार वाजते. त्या वेळेसाठी पोळ्यांच्या डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या ठेवाव्यात, टेबलावर सोलायला संत्री ठेवावीत आणि दूध कुठल्या भांड्यात आहे ते मुलांना आधीच दाखवून ठेवावे.