जबड्याचं ऑपरेशन ठरलंय? अलायनर की ब्रेसेस हे ठरवताना या चुका टाळा

जबडा सरकवून जागेवर आणायच्या ऑपरेशनचं नाव निघालं की पेशंट आधी विचारतो, "तारांऐवजी अलायनर चालतील का?" म्हणजे ब्रेसेसऐवजी दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. विचारणं साहजिकच आहे. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा काळ धरला तर उपचार दीड-दोन वर्षं सहज चालतो, आणि तेवढे दिवस तोंडात तारा घेऊन वावरणं जिवावर येतं. पण त्याआधी दुसरं काही विचारायला हवं: ऑपरेशनसाठी माझे दात नेमके कुठे न्यायचे आहेत? हे राहून गेलं की बाकीच्या चुका तिथूनच सुरू होतात.

दात सरळ झाले म्हणजे तयारी झाली, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खालचा जबडा पुढे असेल तर दात वर्षानुवर्षं ती तफावत झाकत आलेले असतात. खालचे पटाशीचे दात जिभेकडे कलतात, वरचे ओठाकडे. ऑपरेशनपूर्वी हे दात आपापल्या हाडात नीट उभे करावे लागतात. ते उभे होत गेले की खालची रांग आणखी पुढे दिसू लागते, घास तोडणं अवघड होतं, आरशात चेहरा आधीपेक्षा वाईट वाटतो. अनेक जण इथे घाबरतात आणि उपचार बिघडला असं समजतात. तो बिघाड नाही, तीच तयारी आहे.

कारण वरच्या-खालच्या दातांमध्ये जेवढी जागा मोकळी होते, साधारण तेवढाच जबडा सर्जनला सरकवता येतो. समजा जबड्यांतली खरी तफावत 9 मिलिमीटर आहे, पण कललेल्या दातांमुळे पुढच्या दातांत अंतर दिसतं फक्त 4 मिलिमीटर. दात तसेच ठेवले तर 4 मिलिमीटर सरकल्यावर ते एकमेकांना भिडतात आणि जबडा तिथेच थांबतो. एवढं मोठं ऑपरेशन होऊनही काम अर्धवट राहतं.

अलायनरच्या बाबतीत हा धोका जास्त जपावा लागतो. दात कसे सरकवायचे याचा कॉम्प्युटरवरचा आराखडा नेहमीच्या केससारखा मागवला, तर तो दात कलवून तफावत झाकायचाच प्रयत्न करेल, म्हणजे ऑपरेशनला हव्या त्याच्या बरोबर उलट. स्क्रीनवर शेवटी दात सुंदर जुळलेले दिसतात म्हणून हरखून जाऊ नका. ऑपरेशनच्या आधी दात कुठे असतील आणि ऑपरेशनचा टप्पा आराखड्यात वेगळा धरलाय का, हे विचाराच.

सर्जनला शेवटी भेटणं

ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) आणि सर्जन यांचं सुरुवातीलाच एकमत हवं, पहिला अलायनर किंवा पहिली तार बसायच्या आधी. दात थोडेसेच वाकडे असतील तर अलायनरने तयारी चांगली होऊ शकते. पण सुळे किंवा उपदाढा खूप फिरलेल्या असतील, दात उभ्या दिशेने ओढून आणायचे असतील, काढलेल्या दाताची जागा मुळांसकट भरायची असेल किंवा वरचा जबडा तुकड्यांत हलवायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ब्रेसेसच घ्या. मुळांवर तारेचा ताबा जास्त राहतो. अक्कलदाढांचंही याच भेटीत विचारून घ्या. खालच्या जबड्याच्या ऑपरेशनआधी त्या काढायच्या ठरल्या तर हाड भरून यायला काही महिने द्यावे लागतात.

अलायनर घेतले म्हणजे धातू टळला, असं धरून चालणं

ऑपरेशन टेबलावर हाडाला प्लेट बसेपर्यंत दोन्ही जबडे एकमेकांना बांधून ठेवावे लागतात. ब्रेसेसच्या तारेवर त्यासाठी छोटे हुक असतात. अलायनरवाल्यांना त्याऐवजी हिरडीतून हाडात छोटे स्क्रू, दातांवर चिकटवलेली बटणं किंवा काही काळापुरते ब्रेसेस लागतात. आपल्याला यांपैकी काय लावणार, हे आधीच कळलेलं बरं.

अलायनर नीट बसत नसताना पुढचा चढवणं

अलायनर दिवसाला 20 ते 22 तास घालावे लागतात. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात फट दिसली, तर पुढचा चढवू नका. सोबत मिळालेल्या मऊ गुंडाळ्या चावून तो खाली बसतो का पाहा. फट राहिलीच, तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा; आधीच्या अलायनरवर परत जायचं का ते तेच सांगतील. घरी कडा कापणं, गरम पाण्यात घालणं हे करूच नका.

शेवटच्या स्कॅननंतर दात हलू देणं

ऑपरेशनच्या आधी घेतलेल्या स्कॅनवरून एक प्लास्टिकची पट्टी बनते, स्प्लिंट म्हणतात तिला. जबडा कुठे थांबवायचा हे सर्जनला ती दाखवते. स्कॅननंतर दात किंचित जरी हलले तरी ती पूर्ण बसत नाही. म्हणून ब्रेसेस असतील तर या काळात तार बदलत नाहीत, आणि अलायनर असतील तर पुढचा सेट न घेता डॉक्टर सांगतील तोच घालत राहायचा. ब्रॅकेट (तार धरणारा दातावरचा छोटा तुकडा) निसटलं किंवा अलायनर हरवला, तर ऑपरेशनच्या दिवसापर्यंत थांबू नका, लगेच कळवा.

ऑपरेशननंतर रबर टाळणं

टायटॅनियमच्या प्लेट हाड धरून ठेवतात, पण स्नायूंना जुनीच सवय असते. त्यांना नवीन जागेवर वळवायचं काम वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणून लावलेले छोटे रबर करतात. दुखतंय म्हणून ते आपल्या मनाने काढून ठेवू नका, आणि कुठून कुठे लावायचे याचा फोटो फोनमध्ये ठेवा. सूज असताना तोंड फारसं उघडत नाही आणि दातांची जुळणीही बदललेली असते, त्यामुळे पुढच्या टप्प्याला जुने अलायनर पुरत नाहीत. काही आठवड्यांनी नवा स्कॅन होऊन नवे बनतात. या दिवसांत एखाद्या सकाळी दात एकदम वेगळेच बसू लागले, मधली रेषा सरकल्यासारखी वाटली, तर सूज उतरायची वाट पाहू नका. त्याच दिवशी सर्जनला फोन करा.