टाळूतून सोनोग्राफी: तान्ह्या बाळाचा नॉर्मल मेंदू कसा पाहावा

बाळ दूध पिऊन शांत झाल्यावर तपासणी करा. एनआयसीयूतलं (नवजात अतिदक्षता विभागातलं) बाळ इन्क्युबेटरमध्येच राहू द्या. प्रोब (डोक्यावर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण) निर्जंतुक हवा आणि जेल कोमट, कारण थंड जेल लागलं की बाळ दचकतं. ५ ते ८ मेगाहर्ट्झचा मायक्रोकॉन्व्हेक्स किंवा सेक्टर (लहान टोकाचा) प्रोब घ्या. अगदी लहान प्रीटर्म (दिवस भरण्याआधी जन्मलेल्या) बाळाला त्याहून जास्त फ्रिक्वेन्सी चालते. हात हलका ठेवा. टाळूवर (डोक्यावरच्या मऊ जागेवर) दाब पडला तर डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) आरआय, म्हणजे रक्तप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा निर्देशांक, खोटा वाढलेला दिसतो.

आधी कोरोनल, म्हणजे कानापासून कानापर्यंतचा आडवा छेद. बाळाची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे ठेवून कपाळाकडून मागे सावकाश प्रोब कलवत न्या. दोन्हीकडची कवटी सारखी दिसते का, ते सतत बघा. प्रोब जरा तिरका झाला तरी एक व्हेंट्रिकल (मेंदूतली द्रवाची पोकळी) उगाच मोठं भासतं. दोन फ्रंटल हॉर्नच्या (बाजूच्या व्हेंट्रिकलच्या पुढच्या टोकांच्या) मधली काळी पोकळी म्हणजे कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी. प्रीटर्म बाळात ती असणारच. तिला तिसरं व्हेंट्रिकल समजू नका, ते तिच्या खाली, दोन थॅलॅमसच्या (मेंदूच्या मध्यभागातल्या गोळ्यांच्या) मध्ये बारीक फटीसारखं असतं.

मग प्रोब ९० अंशांत फिरवून सॅजिटल, म्हणजे पुढून मागे जाणारा उभा छेद. मध्यरेषेत कॉर्पस कॅलोसमची (मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पट्ट्याची) कमान आणि मागे पांढराशुभ्र व्हर्मिस (लहान मेंदूचा मधला भाग) दिसला पाहिजे. आता थोडं बाजूला कलवा आणि प्रोबचं मागचं टोक जरा जास्त बाहेर काढा, कारण लॅटरल (बाजूची) व्हेंट्रिकल मागे जाताना फाकतात. इथे कॉडेट (थॅलॅमसच्या पुढचा मेंदूचा भाग) आणि थॅलॅमसच्या मधली खाच नीट शोधा. सगळ्या तपासणीत सर्वात जास्त वेळ द्यायची जागा हीच. कोरॉइड प्लेक्सस (व्हेंट्रिकलमधला द्रव तयार करणारा भाग) पांढराच असतो, पण या खाचेपाशी निमुळता होऊन संपतो. खाचेच्या पुढे पांढरा ठिपका दिसला, तर तो प्लेक्सस नव्हे. जर्मिनल मॅट्रिक्समधला (व्हेंट्रिकलजवळच्या नाजूक रक्तवाहिन्यांच्या थरातला) रक्तस्राव असू शकतो, म्हणून कोरोनलमध्येही पडताळा.

ट्रायगोनच्या (लॅटरल व्हेंट्रिकलच्या मागच्या रुंद भागाच्या) मागची पुसट पांढरी झाक बऱ्याचदा नॉर्मल असते. ध्वनिलहरी तिथल्या तंतूंना आडव्या भिडतात, म्हणून ती दिसते. दोन्हीकडे सारखी, कोरॉइडपेक्षा फिकी आणि मागच्या टाळूतून पाहिल्यावर नाहीशी होणारी असेल, तर घाबरू नका.

२५-२६ आठवड्यांच्या बाळाचा मेंदू जवळपास गुळगुळीत दिसतो. वळ्या कमी म्हणून विकृती लिहिण्याआधी गर्भवय तपासा.

सेरिबेलम (लहान मेंदू) पुढच्या टाळूपासून लांब पडतो, मध्ये टेन्टोरियमही (त्याच्यावरचा पडदा) येतो. त्यासाठी कानामागे सुमारे १ सेंमी अंतरावर मास्टॉइड टाळूवर प्रोब ठेवा आणि दोन्ही बाजूंनी बघा.