७,२०,७२० ची कुंडली कशी काढावी

आधी मूळ अवयव काढा. २ ने चार वेळा भागल्यावर ४५,०४५ उरतात, ३ ने दोनदा भागून ५,००५, मग ५ ने १,००१. इथेच बरेच जण थांबतात, कारण १,००१ मूळ संख्या वाटते. पण ती ७×११×१३ आहे. उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिल्याशिवाय थांबू नका.

म्हणजे ७,२०,७२० = २⁴×३²×५×७×११×१३. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ५×३×२×२×२×२ = २४०. तो १ विसरलात तर उत्तर ८ येतं, आणि ते उघडच चूक, कारण १ ते १६ या साऱ्या संख्या हिला भागतात. तशी ही सर्वांत लहान संख्या! हिच्याहून लहान कोणत्याच संख्येला २४० विभाजक नाहीत. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला.

विभाजकांची बेरीज ३१×१३×६×८×१२×१४ = ३२,४९,७९२. संख्येच्या दुपटीहून जास्त, म्हणून ही विपुल संख्या.

अंकांची बेरीज १८. ७,२०,७२० ÷ १८ = ४०,०४०, बाकी शून्य. म्हणजे देवळालीचे गणिती कापरेकर यांनी नाव दिलेली हर्षद संख्याही.