ऑफबीटचे स्ट्रोक पळतात? मेट्रोनोम असा लावून बघा

सरळ चार-चारची बीट क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठरावीक वेगाच्या टकटकीवर, मस्त बसते आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) जरा ऑफबीटला, म्हणजे मुख्य बीटच्या मधल्या जागी, गेली की सगळं डगमगायला लागतं, हे जवळपास प्रत्येक नव्या ड्रमरचं दुखणं आहे. मग लोक काय करतात, तर क्लिकचा आवाज वाढवतात, नाहीतर तोच ग्रूव्ह (सतत फिरणारा ताल) फुल स्पीडला पुन्हा पुन्हा बडवत बसतात. दोन्हीने फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर गडबड त्या स्ट्रोकमध्ये नसतेच, स्ट्रोकच्या आधी जी गॅप आहे ती आपण मोजलेली नसते, अंदाजपंचे सोडलेली असते. म्हणून प्रॅक्टिस करायची ती गॅपची.

एकच पॅटर्न घेऊन बसा, दहा नको. तीन-तीन-दोन. क्यूबन म्युझिक, न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांमधली सेकंड लाइन, फंक, पॉप, सगळीकडे हा भेटतो, त्यामुळे इथे घातलेला वेळ वाया जात नाही. दोन बीटचे सोळांशात, म्हणजे बीटला चार असे, आठ भाग करायचे: वन ई अँड अ, टू ई अँड अ. त्यातला पहिला, चौथा आणि सातवा आपला, म्हणजे "वन", त्याच वनचा "अ", आणि टूचा "अँड". मोजताना जीभ अडखळत असेल तर सरळ "तकिट तकिट तक" म्हणा, प्रत्येक "त" वर स्ट्रोक. तबला शिकलेल्यांना तर हे सांगायलाही नको.

आता रबरी प्रॅक्टिस पॅडवर. मेट्रोनोम ६० ला लावा, म्हणजे सेकंदाला एक क्लिक आणि एक सोळांश बरोबर पाव सेकंदाचा. उजवा-डावा-उजवा-डावा असे सलग सोळांश वाजवा, काहीही न गाळता, आणि फक्त पहिला, चौथा, सातवा जोरात, यालाच अ‍ॅक्सेंट म्हणतात. उजव्याने सुरू केलंत तर अ‍ॅक्सेंट उजवा, डावा, उजवा असे येतील. डाव्या हाताचा तो एकटा अ‍ॅक्सेंट बहुतेकांचा मरतुकडा असतो, तिकडे लक्ष ठेवा. हे स्थिर झालं की मधले स्ट्रोक हळूहळू दाबत न्या, काठी पॅडपासून जेमतेम इंचभर वर. मग अजून हळू. शेवटी मधले स्ट्रोक हवेतच, काठी हलते पण पॅडला लागत नाही. आता जे ऐकू येतंय तो तुमचा सिंकोपेटेड (ऑफबीटवर जोर असलेला) पॅटर्न, आणि गॅप रिकामी राहिलेली नाही, तिच्यात तुमचे हात अजून चालतायत. हा भाग कंटाळवाणा आहे, मान्य, पण हाच सोडून लोक पुढे जातात आणि मग वर्षभर किक का घसरते म्हणून विचारत फिरतात.

किटवर, म्हणजे पूर्ण ड्रम सेटवर, आलात की हॅट (स्टँडवरची झांजांची जोडी) आठांशात, म्हणजे "वन अँड टू अँड", स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोन आणि चारवर, आणि किक आपली तीन-तीन-दोन, चार बीटच्या बारमध्ये दोनदा. इथे खरी मारामारी त्या "अ" ची. तो हॅटच्या दोन स्ट्रोकच्या मध्ये पडतो आणि लगेच पुढे स्नेअर उभा असतो. दोनपैकी एक होतं: एकतर उजवा हात पायासोबत ओढला जाऊन हॅटवर एक फालतू स्ट्रोक मारतो, नाहीतर किक उशिरा येऊन स्नेअरला चिकटते आणि "धप्प" असा एकच जाड आवाज येतो. पहिल्यावर उपाय म्हणजे स्नेअर काढून टाका, फक्त हॅट आणि किक, तेही ५० ला. दुसऱ्यावर उपाय म्हणजे "अ" तोंडाने ओरडा. मनात मोजून चालत नाही, मनातला आकडा हातापायांसोबत गुपचूप सरकतो आणि कळतही नाही. घोस्ट नोट्स, म्हणजे स्नेअरवरचे अगदी हलके स्ट्रोक, नंतर घाला. फंकवाल्या जेम्स ब्राऊनच्या बँडमधला ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड ऐकला की वाटतं उद्यापासून आपण पण, पण त्या बारीक स्नेअरच्या खाली सोळांशाची जाळी किती घट्ट आहे ते आधी ऐका.

आता मेट्रोनोमचा खरा उपयोग. प्रत्येक बीटवर क्लिक असते तोपर्यंत टाइम मेट्रोनोम सांभाळतोय, तुम्ही फक्त मागे मागे चालताय. म्हणून क्लिक काढत जायची. ग्रूव्ह ८० चा असेल तर मेट्रोनोम ४० ला लावा आणि ती क्लिक दोन-चार समजा. आत शिरायला आधी वाजवू नका, क्लिकसोबत "टू… फोर…" म्हणत राहा, मग मध्ये "वन" आणि "थ्री" भरा, मग हॅट सुरू करा. तुमच्या स्नेअरच्या जागीच क्लिक आहे, आणि स्नेअर एकदम नेमका बसला की क्लिक जवळजवळ गायब होते, स्ट्रोकच्या खाली दडते. दोन आवाज वेगळे ऐकू आले तर पुढे आहात की मागे ते लगेच कळतं. त्यानंतर बारमध्ये एकच क्लिक, ८० साठी ती २० होते, आणि अ‍ॅप एवढं खाली जात नसेल तर चार बीट लावून तीन म्यूट करा.

याच्याही पुढे मजा आहे. मेट्रोनोम ८० लाच ठेवा पण क्लिकला "अँड" म्हणा आणि स्वतःचा "वन" दोन क्लिकच्या मधोमध टाका. पहिले काही दिवस मेंदू दगा देणार, चार बार झाले की क्लिक परत "वन" वाटायला लागते आणि तुम्ही उलटे फिरलेले असता. थांबा, हसा, परत मोजून सुरू करा. हे जमलं की क्लिक "अ" वर घ्या, म्हणजे आपली ती अवघड किक आणि क्लिक एकाच जागी. आत्तापर्यंत त्या स्ट्रोकला तपासणारं कोणी नव्हतं, आता आहे. सुरुवातीला ६० च्या वर जाऊ नका आणि हॅट सोळांशात वाजवा, नाहीतर जागाच सापडत नाही.

गॅप क्लिक पण करा, बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते. दोन बार क्लिक, दोन बार शांतता. क्लिक परत येते तेव्हा बहुतेक जण तिच्या आधी पोचलेले असतात, विशेषतः मध्ये फिल (ग्रूव्ह सोडून वाजवलेला छोटा सजावटीचा तुकडा) मारला असेल तर. मागे राहणारे कमीच. दोनाचं नीट व्हायला लागलं की शांतता चार बारची.

टेम्पो चार-पाच बीपीएमनेच (मिनिटाला बीट) वाढवा आणि वाढवण्याआधी सलग दोन मिनिटं न थांबता वाजतंय का बघा. उलट दिशेनेही जा, ४५ ला हा ग्रूव्ह वाजवणं १०० पेक्षा अवघड आहे, कारण गॅप लांबच लांब होतात. रोज वीस मिनिटं पुरे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तसंही खालचे काका त्याहून जास्त ऐकून घेणार नाहीत, पेडलखाली जाड रबरी मॅट टाका, कारण आवाजापेक्षा किकचा दणका स्लॅबमधून जास्त जातो.

रेकॉर्डिंग मात्र सोडू नका, फोनवर साधं केलं तरी चालेल, फक्त क्लिक स्पीकरवर असू द्या, इअरफोनमध्ये असेल तर रेकॉर्डिंगमध्ये येणारच नाही आणि मग तपासणार कशाशी. ब्लूटूथबद्दल लोक नेहमी विचारतात: साध्या पॅडवर किंवा अकूस्टिक किटवर नुसती क्लिक ब्लूटूथने ऐकली तर बिघडत नाही, सगळ्याच क्लिक सारख्याच उशिरा येतात. इलेक्ट्रॉनिक किटचा आवाज ब्लूटूथने ऐकत असाल तर मात्र तुमचा स्ट्रोकच तुम्हाला उशिरा ऐकू येतो, तिथे वायरचाच हेडफोन लावा. रेकॉर्डिंग ऐकताना स्नेअरकडे लक्ष देऊ नका, तो ठीकच असणार. फक्त "अ" ची किक ऐका, तोंडाने "तकिट तकिट तक" म्हणत, आणि ती दुसऱ्या "त" च्या आधी पडते की नंतर तेवढं वहीत टेम्पोसमोर लिहून ठेवा, उद्याची प्रॅक्टिस त्याच टेम्पोपासून सुरू करायची.