कंटेनर डिप्लॉयमेंटचे सीक्रेट्स गिटमध्ये ठेवायचेत? मग आधी एवढी तयारी करा

बहुतेक जण सुरुवात टूलपासून करतात, सॉप्स घ्यायचं की सील्ड सीक्रेट्स (दोन्ही सीक्रेट्स, म्हणजे पासवर्ड-टोकनसारखी गुपितं, एन्क्रिप्ट करायची टूल्स) यावरच दोन दिवस चर्चा चालते, आणि ते एन्क्रिप्ट केलेलं उलगडणारी किल्ली कुठे राहणार, कोणाकडे राहणार हा प्रश्न शेवटी येतो. माझ्या मते उलटं पाहिजे. फाइल एन्क्रिप्ट करणं ही एका कमांडची गोष्ट आहे, खरी तयारी किल्लीची आणि गिटच्या हिस्टरीची करावी लागते, कारण गिटमध्ये एकदा गेलेलं कधी पूर्ण बाहेर येत नाही.

तर पहिलं काम म्हणजे शोधाशोध. सध्या तुमचे पासवर्ड, टोकन, प्रायव्हेट की कुठे कुठे पडलेत ते बघा: एन्व्ह फाइल्स, डॉकर कंपोज फाइल, हेल्मच्या (कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या सिस्टिमवर ॲप बसवायचं टूल) व्हॅल्यूज फाइल्स, सीआयची (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सिस्टिमची) सेटिंग, डॉकरफाइलमधली एखादी जुनी ओळ, रजिस्ट्रीचं लॉगिन, बॅकअप स्क्रिप्टमधला डेटाबेसचा पासवर्ड (हा हमखास विसरला जातो). मग गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग (कोडमध्ये पडलेली सीक्रेट्स शोधणारी टूल्स) चालवा, आणि नुसत्या आजच्या कोडवर नाही तर सगळ्या हिस्टरीवर, सगळ्या ब्रँचवर. काही सापडलं तर लगेच हिस्टरी पुसायला धावू नका. आधी तो पासवर्ड बदला, जुना बंद करा, आणि मग वाटलं तर गिट फिल्टर-रेपोने (हिस्टरी नव्याने लिहिणारं टूल) साफसफाई करा. कोणाच्या तरी लॅपटॉपवर क्लोन असतो, कुठेतरी फोर्क असतो, सीआयच्या कॅशेत कॉपी असते, तिथून तुम्ही काहीच पुसू शकत नाही, पण पासवर्ड बदलला की जुना सगळीकडे एकदमच निकामी होतो.

आणि एक गोष्ट टीममध्ये सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवा, बेस६४ (माहिती साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) म्हणजे एन्क्रिप्शन नाही. कुबरनेटीसच्या सीक्रेट यामलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ती अगम्य दिसणारी अक्षरं असतात ना, ती कोणीही एका कमांडने उलगडू शकतं. तशी फाइल कमिट केली म्हणजे उघडा पासवर्ड कमिट केला असंच धरा.

आता टूल. साधा कंपोज सेटअप असेल किंवा एकापेक्षा जास्त क्लस्टर (कुबरनेटीस चालवणाऱ्या मशीनचे गट) असतील तर मी सॉप्स आणि एज (फाइल एन्क्रिप्ट करायचं छोटं टूल) ही जोडी घ्यायला सांगेन. सॉप्स २०१५ साली मोझिलात सुरू झालं आणि २०२३ पासून सीएनसीएफ या ओपन सोर्स संस्थेकडे आहे. त्याचा मोठा फायदा असा की ते फक्त व्हॅल्यू एन्क्रिप्ट करतं, नावं तशीच वाचता येतात, त्यामुळे डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतल्या फरकात) डेटाबेसचा पासवर्ड बदललाय एवढं कळतं पण काय झाला ते कळत नाही, रिव्ह्यू करणाऱ्याला हेच तर हवं असतं. फक्त मग नावातच काही गुपित लिहू नका. गिट-क्रिप्ट पूर्ण फाइल बंद करतं, बायनरी सर्टिफिकेटसाठी ठीक आहे, पण डिफमधून काही कळत नाही, आणि एकदा दिलेला ॲक्सेस काढून घ्यायची सोय त्यात नाही. सील्ड सीक्रेट्स फक्त कुबरनेटीससाठी, तिथे एन्क्रिप्ट सगळे करू शकतात आणि उलगडतं फक्त क्लस्टरमधलं कंट्रोलर, त्यामुळे डेव्हलपरच्या हातात किल्ली द्यावीच लागत नाही. मात्र सील केलेली फाइल डिफॉल्टने त्या नावाला आणि त्या नेमस्पेसला (क्लस्टरमधल्या कप्प्याला) बांधलेली असते, नाव बदललं की उलगडत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

किल्ल्यांवर सगळ्यात जास्त वेळ घाला. डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉडक्शन यांच्या किल्ल्या वेगळ्या, प्रत्येक माणसाची स्वतःची वेगळी, सीआयची वेगळी. एकच किल्ली सगळ्या टीमने चॅटवरून वाटून घेतली की कोणी काय उघडलं, कोणाचा ॲक्सेस काढायचा, काहीच हातात राहत नाही. सॉप्समध्ये हे सोपं आहे कारण प्रत्येक फाइलची एक डेटा की असते आणि ती प्रत्येकाच्या पब्लिक कीने (फक्त बंद करणारी, उघड ठेवता येणारी की) वेगवेगळी बंद केलेली असते, त्यामुळे दहा जण असले तरी कोणाला दुसऱ्याची प्रायव्हेट की लागत नाही. एजची पब्लिक की खुशाल रेपोत ठेवा. प्रायव्हेट की मात्र रेपोच्या फोल्डरमध्ये क्षणभरही नको, होम डिरेक्टरीत सॉप्सची ठरलेली जागा असते तिथे ठेवा आणि परमिशन फक्त स्वतःपुरती. शिवाय एक आणीबाणीची किल्ली बनवा जी कोणाच्याच रोजच्या मशीनवर नसेल, ऑफलाइन असेल, आणि कुठे आहे ते किमान दोघांना माहीत असेल.

पहिली फाइल एन्क्रिप्ट करायच्या आधीच सॉप्सची कॉन्फिग फाइल लिहा, कुठल्या फोल्डरला कुठल्या किल्ल्या ते त्यात ठरतं. नियम वरून खाली बघितले जातात आणि पहिला जुळला तोच लागतो, म्हणून प्रॉडक्शनचा नियम वर आणि सगळ्यांना लागू होणारा सैल नियम सगळ्यात खाली. कुबरनेटीसच्या यामलसाठी फक्त डेटा आणि स्ट्रिंगडेटा हे भाग एन्क्रिप्ट करायला सांगा, नाहीतर काइंड (ऑब्जेक्टचा प्रकार) आणि नावसुद्धा एन्क्रिप्ट होऊन बसतं.

फाइल नेहमी सॉप्समधूनच एडिट करायची, उलगडून बाजूला ठेवून परत बंद करायची सवय नको, कारण ती बाजूची फाइलच एक दिवस कमिट होते. उलगडलेल्या फाइलला एकच ठराविक शेपूट (एक्स्टेन्शन) ठरवा आणि ते गिटइग्नोरमध्येही टाका, डॉकरइग्नोरमध्येही. प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) लावा, पण हुक ज्याच्या त्याच्या मशीनवर असतो आणि सहज टाळता येतो, म्हणून तोच चेक सीआयमध्येही हवा: सीक्रेट्स फोल्डरमधली एकही फाइल एन्क्रिप्ट न केलेली दिसली की बिल्ड फेल. मर्ज कॉन्फ्लिक्ट हाताने जोडत बसू नका, सॉप्स पूर्ण फाइलचा मॅक (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा कोड) तपासतं आणि तो जुळला नाही की उलगडायला नकार देतं. एक बाजू घ्या आणि दुसरा बदल सॉप्समधून परत करा. सर्व्हिसगणिक छोट्या फाइल्स ठेवल्या तर हे फारसं होतच नाही.

उलगडायचं कधी? डिप्लॉयच्या वेळी, बिल्डच्या वेळी कधीच नाही. डॉकरफाइलमध्ये आर्ग किंवा एन्व्ह या ओळींनी दिलेला पासवर्ड इमेजमध्ये राहून जातो, डॉकर हिस्टरी किंवा इन्स्पेक्टने बाहेर येतो, आणि एका लेयरमध्ये कॉपी करून पुढच्यात डिलीट केलेली फाइल आधीच्या लेयरमध्ये तशीच असते. बिल्डला खरंच टोकन लागत असेल तर बिल्डकिटचा (डॉकरच्या बिल्ड इंजिनचा) सीक्रेट माउंट वापरा. चालू कंटेनरला शक्यतो फाइल म्हणून द्या. डॉकर स्वॉर्म (अनेक मशीनवर कंटेनर चालवायची सोय) असेल तर ती मेमरीतच माउंट होते, साध्या कंपोजमध्ये मात्र ती होस्टवरचीच फाइल असते, म्हणजे उलगडलेली कॉपी कुठे पडते आणि कोण पुसतं ते ठरवा. कुबरनेटीसमध्ये गिट कितीही सुरक्षित केलं तरी एटसीडीत (कुबरनेटीसच्या डेटाबेसात) सीक्रेट डिफॉल्टने एन्क्रिप्ट केलेलं नसतं, ते वेगळं चालू करावं लागतं, आणि सीक्रेट वाचायचा अधिकार आरबॅकमध्ये (अधिकार ठरवणाऱ्या नियमांत) कोणाकोणाला आहे तेही बघा. गिटवरून डिप्लॉय करणाऱ्या टूल्सपैकी फ्लक्समध्ये सॉप्सची सोय आतच आहे, आर्गो सीडीला प्लगइन लागतं. सीआयच्या लॉगमध्ये कमांड छापणं बंद ठेवा आणि बाहेरच्या फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टला किल्ली मिळत नाही ना, हे स्वतः तपासा.

माणूस टीम सोडून गेला की काय करायचं ते आजच लिहून ठेवा, कारण इथेच सगळ्यात मोठा गैरसमज असतो. त्याची की कॉन्फिगमधून काढली, सॉप्सचं अपडेटकीज (फाइलवरच्या किल्ल्यांची यादी बदलणारी कमांड) चालवलं, झालं असं वाटतं. पण डेटा की तीच राहते, ती बदलायला रोटेट वेगळं चालवावं लागतं, आणि तेही केलं तरी जुने कमिट त्याच्या क्लोनमध्ये आहेत आणि ते त्याच्या जुन्या कीने उघडतातच. म्हणून त्याला दिसत होते ते खरे पासवर्ड आणि टोकन बदलायचे, दुसरा मार्ग नाही. कुठलं सीक्रेट कुठल्या सिस्टिममध्ये जाऊन बदलायचं आणि नंतर काय रीस्टार्ट करायचं याची नोंद आधीच हवी. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिलेली व्हॅल्यू पॉड (कुबरनेटीसमधला कंटेनरचा गट) रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच राहते, माउंट केलेली फाइल थोड्या वेळाने आपोआप बदलते पण सबपाथ (व्हॉल्यूमचा एकच भाग माउंट करायची सोय) वापरला असेल तर तीही नाही.

शेवटी रंगीत तालीम. कोरं मशीन घ्या, ताजा क्लोन, हातात फक्त आणीबाणीची किल्ली, आणि प्रॉडक्शनची प्रत्येक फाइल उलगडते का बघा. सील्ड सीक्रेट्सवाल्यांनी तर हे नक्कीच करा, कारण क्लस्टर गेलं आणि कंट्रोलरच्या किल्लीचा बॅकअप नसेल तर रेपोतली एकही सील केलेली फाइल उघडणार नाही. कंट्रोलर डिफॉल्टने दर ३० दिवसांनी नवी किल्ली बनवतं, जुन्या ठेवून, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या बॅकअपात मागच्या महिन्यात सील केलेल्या फाइलची किल्ली नसणार. तो बॅकअप क्रॉनवर (ठराविक वेळी काम आपोआप चालवणाऱ्या टूलवर) टाका, एन्क्रिप्ट करूनच आणि क्लस्टरच्या बाहेर.