वेकेशनमध्ये मुलांना वाचायला देताय? या चुका टाळा

मे उजाडला की आमच्या वडोदऱ्यात दोन कामं एकदम सुरू होतात, गच्चीवर छुंद्याची बरणी उन्हात ठेवायची आणि पोरांना वेकेशनचं मराठी वाचन द्यायचं. छुंद्याकडे रोज कोणीतरी बघतं, वाचनाकडे थेट जूनमध्ये, तिथेच सगळं फसतं.

मी पण फसलेय. माझ्या सातवीच्या वर्गाला आठ पुस्तकांची लिस्ट दिली, प्रत्येकाचा सारांश लिहून आणा म्हटलं आणि मनात खूश, बघा आपण किती कडक! जूनमध्ये वह्या आल्या तर निम्म्यांत सारांश एकच, चुकासुद्धा त्याच. आता तर मोबाईल मिनिटात लिहून देतो. म्हणून मोबाईलला माहीत नसेल ते विचारा, कुठल्या पानावर कंटाळा आला, कोणाचं वागणं पटलं नाही, तू असतास तर काय केलं असतंस, आणि तेही तोंडी.

पुस्तक एकच द्या, पण जरा जड द्या. हिशोब बघा, सुट्टी साधारण ३५ दिवसांची, त्यातले दहा मामाकडे पुण्याला, पाच लग्नात, उरले वीस. रोज सहा पानं धरली तरी १२० पानांचं पुस्तक होतं की.

याच्या उलटी चूक म्हणजे "यांना मराठी झेपत नाही हो" म्हणून सातवीतल्या मुलाला चिऊकाऊचं पुस्तक. पोरांना लगेच कळतं की बाईंनी आपल्याला सोडून दिलंय. इथली मुलं शाळेत गुजराती नाहीतर इंग्लिश, मराठी फक्त घरात, त्यामुळे बोलतात फाडफाड पण वाचताना अडखळतात, काही जण तर गुजरातीच्या सवयीने लिहिताना शिरोरेघच देत नाहीत. यात स्पीड कमी आहे, डोकं नाही. पहिलं प्रकरण तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, गाडी सुरू झाली की पुढे ती जातात. मधलं एखादं पान वाचायला लावा, पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर मात्र पुस्तक बदला.

"बाई, पुस्तकच मिळालं नाही," हे तर ठरलेलं. मग वेकेशन पडायच्या आधीच हातात द्या ना! बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावले आणि पुढे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव जायला लागली, खेड्यातला माणूस बडोद्याला येईल म्हणून कोणी वाट बघत बसलं नाही. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांना निदान काचेच्या फरश्या बघायला तरी न्या, तिथे गेलं की पुस्तकं आपोआप दिसतात.

आणि जूनचा पहिला आठवडा सोडू नका, एकेका मुलाशी पाच मिनिटं बोला. तीस मुलं म्हणजे अडीच तास, पाच दिवसांत वाटले तर रोज अर्धा तास. ज्याने वाचलं नाही त्याला ओरडू नका, पण "असू दे" पण म्हणू नका. पुस्तक तेच, तारीख पंधरा दिवसांनंतरची.